एक फरशी तिरकी

मालकीण : ‘...कासव म्हणाले, किती पायांसाठी?’ संपलं पान. घ्या बाई, वाजवा टाळ्या. माझ्या एका हातात इस्त्री आहे, नाहीतर मीच वाजवल्या असत्या.

बाई : वाजवते मावशी. आवाज तर असा लागलाय की रस्त्यावरची माणसं थांबली असतील. आता एवढंच करा, तिसऱ्या ओळीपासून परत एकदा वाचा.

मालकीण : तिसऱ्या कशाला? पहिल्या दोघींनी काय घोडं मारलंय?

जावई : अडकल्या सासूबाई.

मालकीण : जावईबापू, तुम्ही दिवसभर लोकांच्या घरी खाली मान घालून फरशा बसवता ना? मग इथंही खालीच बघा. हं बाई, म्हणते. ‘शेळीला बूट हवे होते. ती बाजारात...’

बाई : ही पहिली. मी तिसरी म्हणाले. हे बघा, बोट ठेवलंय.

मालकीण : तुमचं बोट मध्ये आलं की मला दिसत नाही.

बाई : काढलं.

मालकीण : इस्त्रीची वाफ किती येतेय बघा. चष्मा सगळा धूसर झालाय.

जावई : चष्मा डोक्यावर आहे, आई.

मालकीण : डोक्यावर असला म्हणून काय झालं, वाफ काय पत्ता विचारून येते?

बाई : मावशी, रागावू नका, पण आणखी एक सांगायचंय. मघाशी तुम्ही हॉटेलच्या चादरी टेबलावर टाकल्यात ना, तेव्हा शेळीचं पान खाली घसरलं. ते हे, माझ्या पायाशी पडलंय. तुम्ही आत्ता जे समोर धरून वाचलंत, ते नव्या इस्त्रीबरोबर आलेलं माहितीपत्रक आहे.

मालकीण : तरीच. म्हटलं शेळीच्या गोष्टीत वायर आणि प्लग कशाला काढलाय.

जावई : मी आपला समजलो, शेळी इस्त्रीचे कपडे घालून निघाली असेल बाजारात.

मालकीण : तुम्ही हसा. हसायला काय जातंय? माझं काही चुकलंय का यात? सांगा बाई. मोठ्या माणसांना वाचायला कसं शिकवायचं, त्या ट्रेनिंगला तुम्ही गेला होतात. तिकडून आलात आणि माझ्या या लाँड्रीतल्या खोलीच्या भिंतीवर आठ रंगांची आठ कार्डं चिकटवलीत. डोकं एकाच जातीचं नसतं, आठ तऱ्हांचं असतं, कुणाचं शब्दांत चालतं, कुणाचं आकड्यांत, कुणाचं चित्रात, कुणाचं हातापायांत, कुणाचं माणसांत, कुणाचं झाडाझुडपांत, कुणाचं आपल्या आतल्या आत. आणि माझ्या नावासमोर जांभळं कार्ड लावलंत, सुराचं. लावलंत ना?

बाई : लावलं.

मालकीण : मग झालं. सुराची असामी आहे मी. तुम्ही पानाला चाल लावून दिलीत, मी चाल उचलली. अक्षरांचं खातं दुसऱ्या कुणाच्या नावावर असेल, माझ्या नावावर नाही. आपल्याच खात्यात व्यवहार करावा माणसानं.

बाई : अगदी हेच झालंय सगळ्या वर्गाचं. तो रखवालदार बघा. त्याला ‘आतल्या आत’चं कार्ड दिलं, तर आता कुणी नमस्कार केला तरी बोलत नाही. विचारलं तर कार्डाकडे बोट दाखवतो.

जावई : आणि आचारीकाका. त्यांना हातापायांचं दिलंत, ते हवेत अक्षरं काढतात. परवा ‘क्ष’ काढताना यांचं हँगरांचं स्टँड पाडलं.

मालकीण : वरून मलाच म्हणतो, मावशी, ‘क्ष’ला जागा लागते. आणि या जावईबापूंना तर दोन कार्डं. चित्राचंही आणि हातापायांचंही. सासूला एक आणि जावयाला दोन. मी काही बोलले का? मनात ठेवलं.

जावई : चार दिवस रोज जेवताना बोललात.

मालकीण : मनात ठेवायला माझं मन काय कोठार आहे? ते सोडा बाई. आज यांना उशीर का झाला ते विचारा आधी. वर्ग सगळा येऊन गेला, आचारी गेला, रखवालदार गेला, आणि हे आत्ता उगवले.

बाई : विषय बदलताय मावशी.

मालकीण : बदलतेच आहे. विचारा.

जावई : बाई, एका घरात मोठ्या खोलीचं काम होतं. घरमालक असा चिकित्सक की फरशी बसली रे बसली, गुडघे टेकून गोटी सोडून बघायचा, कुठं घरंगळते का. असल्या गिऱ्हाइकाला चूक सापडल्याशिवाय जेवण जात नाही. ती सापडेपर्यंत तो शोधत राहणार, नाही सापडली तर चांगली बसलेली फरशी उखडायला लावणार. म्हणून मी आपली एक फरशी तिरकी ठेवतो. मुद्दाम. दारामागं, कोपऱ्यात.

बाई : म्हणजे?

जावई : म्हणजे ती त्याला सापडते. आज सापडली. असा खूश झाला म्हणून सांगू. ‘मला फसवायचं नाही,’ म्हणाला. मी कान पकडले, ती एक काढून सरळ बसवली. मग बाकीची खोली त्यानं कौतुकानं पाहिली, स्वतःचीच असल्यासारखी. चहाही दिला. त्यात उशीर झाला.

मालकीण : बघा, म्हणजे असा माणूस माझ्या मुलीनं पसंत केला. दिसतो साधा, पण नग आहे.

बाई : आहे खरा. पण मावशी, आता मूळ मुद्दा. आज दुपारी तुमच्या नातीच्या, भिंगरीच्या शाळेतून निरोप आलाय.

मालकीण : काय केलं आमच्या भिंगरीनं? कुणाला ढकललं असेल तर समोरच्यानं आधी ढकललं असणार.

बाई : तिनं काही नाही केलं. शनिवारच्या वाचनाचा निरोप आहे. घरचं मोठं माणूस येऊन मुलांना गोष्ट वाचून दाखवणार, ते. तर पान आधी ठरवायचं नाही, असं ठरलंय. मूल डोळे मिटून पुस्तक उघडणार. जे पान उघडेल ते वाचायचं.

मालकीण : हे कुठलं नवीन काढलं?

बाई : काही घरची माणसं म्हणे पान पाठ करून येतात.

मालकीण : काय एकेक लबाड माणसं असतात.

जावई : फार वाईट दिवस आलेत, आई.

मालकीण : गप्प बसा. बाई, एक करा. शाळेला कळवून टाका, शनिवारी माझा घसा बसणार आहे.

बाई : आज तर गुरुवार आहे.

मालकीण : मग? बसायला लागलाय आत्तापासून. सकाळच्या थंड पाण्यानं. जावईबापूंना पाठवा. बाप आहे मुलीचा, दोन कार्डांचा धनी आहे, अक्षरं लावून वाचतो.

जावई : मी जाईन हो. पण मी एक ओळ वाचेपर्यंत वर्गातली निम्मी पोरं झोपतील आणि उरलेली निम्मी भांडतील. आणि भिंगरीनं सांगून ठेवलंय ना सगळ्यांना. माझी आजी येणार, माझ्या आजीचा आवाज सगळ्यात मोठा आहे. तिच्या आईला रजा आहे शनिवारी, तर म्हणाली, तू नको येऊस, आजीच येणार.

मालकीण : पोरीला काय कळतंय.

जावई : काल झोपताना मला विचारत होती, आजी आली की तिला खुर्ची कुठली द्यायची, बाईंची की आमच्यासारखी छोटी.

मालकीण : छोटीत मी मावणार नाही म्हणावं.

बाई : मग बाईंची देऊ.

मालकीण : तुम्हा दोघांना गंमत वाटतेय. सांगू का एक? हिची आई शाळेत होती ना, तेव्हा मी रोज सोडायला जायचे. फाटकापर्यंत. आत बोलवायचे, पालक या, बसा, हे बघा, ते बघा. मी म्हणायचे, दुकान उघडं टाकून आलेय. दुकान कधी उघडं नसायचं. आत गेलं आणि कुणी काही वाचायला हातात दिलं तर, एवढीच धास्ती. लेक शिकून बाहेर पडली, तिचा वर्ग आतून कसा होता ते मला ठाऊक नाही. आता नातीनं आत बोलावलंय, आणि तुमची शाळा म्हणते डोळे मिटून पान उघडणार.

बाई : म्हणून तर म्हणते मावशी, घसा बसवू नका.

मालकीण : मग काय बसवू?

बाई : ऐका. चूक माझीही आहे. कार्डं मी लावली, पण ती कशासाठी ते नीट सांगितलं नाही. ती बक्षिसं नव्हती आणि पत्रिकाही नव्हती. ती दारं आहेत. आठ दारं, पण खोली एकच. तुम्ही सुराच्या दारातून यायचं, आचारीकाकांनी हातवारे करत यायचं, या दादांनी रेघा बघत यायचं. आत येऊन सगळ्यांनी वाचायचंच आहे. तुम्ही दारात आलात, आणि उंबऱ्यावर बसून गाणं म्हणताय.

मालकीण : उंबऱ्यावर वारा छान लागतो.

बाई : अक्षरं सगळी ओळखता तुम्ही. सुटी विचारली तर एक चुकत नाही. ती जोडायची वेळ आली की लगेच गाण्याकडे पळता.

मालकीण : जोडायला गेलं की हात थांबतो, बाई. आणि हात थांबला की चादर जळते. आमच्या धंद्यात थांबायचं नसतं. तुम्ही दोघं बसा वाचत, मी हे अभ्रे उरकते. वाचा जावईबापू, दुसरं पान वाचा. बघू तर ती दोन कार्डं काय दिवे लावतायत.

जावई : दुसरं पान मला बाईंनी शिकवलं नाही अजून.

मालकीण : मग तर मजाच.

जावई : बरं. कुठाय? हं. मी आपली वरची रेघ धरतो बाई. आम्ही काम सुरू करताना भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी ताणतो ना, तशी. दोरीला धरून एकेक फरशी. शे. ळी. शेळी. म्ह... म्हणाली. शेळी म्हणाली, आ. धी. आधी, पुढ... पुढच्या, पा... पायांसाठी, दाखवा.

मालकीण : अभ्रे संपले माझे एवढ्यात.

जावई : ‘शेळी म्हणाली, आधी पुढच्या पायांसाठी दाखवा.’ झाली एक ओळ. आता, कासवाने. कासव ओळखीचं आहे. कासवाने लाल बूट काढले.

मालकीण : लाल?

जावई : लाल.

मालकीण : कासवानं लाल काढले?

जावई : इथं तसंच लिहिलंय. कासवाच्या दुकानात लाल असायला काय हरकत आहे?

मालकीण : असू देत की पन्नास रंगाचे. पण दुरून बघितलं तरी तो ‘ल’ दिसत नाही मला. ‘ल’ असा ढेरी सोडून बसलेला असतो. थांबा.

(इस्त्री स्टँडवर ठेवल्याचा आवाज.)

मालकीण : सरका तिकडं. कुठाय? ‘कासवाने’, हं, आणि हे. नि. ळे. निळे. अहो निळे बूट काढले त्यानं. धडधडीत निळे लिहिलंय आणि लाल म्हणताय.

जावई : निळे का? असेल. माझं थोडं चुकलं.

मालकीण : थोडं? गिऱ्हाइकानं निळी साडी टाकली आणि मी लाल परत दिली तर थोडं चुकलं म्हणेल का? वाचा पुढं. बोट ठेवून वाचा.

जावई : शेळीने ते... शेळीने ते घातले.

मालकीण : घातले? बोट उचला. उचला म्हणते. हुं. ग. ले. हुंगले. शेळी आहे ती, बूट आधी घालेल का हुंगेल? आणि अक्षर मोठं ‘हुं’ आहे. डोळे आहेत का गोट्या?

जावई : बरं, हुंगले. पुढं, शेळीने एक...

मालकीण : थांबा. मधली ओळ कुठं गेली?

जावई : कुठली?

मालकीण : ही काय. एवढी लांबलचक ओळ गिळलीत. ‘दु... दुकानात दु... दुसरे कुणी नव्हते.’ ही तर महत्त्वाची. दुकानात दुसरं कुणी नाही म्हणजे काहीतरी होणार आता. तुम्ही अशी ओळ सोडलीत तर पोरांना कळायचं कसं?

जावई : नजर सटकली आई. बरं, आता वाचतो. ‘शेळीने. एक. बूट.’ आता हे पुढचं जरा जोडाक्षरासारखं काहीतरी दिसतंय. खा... खा... बाई, हे काय आहे?

बाई : बघा प्रयत्न करून.

जावई : खा... खाली? ‘शेळीने एक बूट खाली’...

मालकीण : ‘खाऊन टाकला.’ बूट खाल्ला तिनं. शेळीच ती. सरका, तुमचं डोकं मध्ये येतंय.

जावई : आता शेवटची ओळ. ही लांब आहे. कासव. म्ह. म्हणाले. दु... दु... थांबा हं, दोरी सुटली. पुन्हा धरतो. कासव...

मालकीण : अगबाई. हा हा. अगं आई गं. काय पण दुकानदार आहे. हा माझ्यापेक्षा वस्ताद निघाला.

बाई : काय झालं मावशी? कशाला हसताय?

मालकीण : अहो, ते कासव. शेळीनं बूट खाल्ला, तर ओरडलं नाही, काही नाही. तिला विचारतंय, ‘दुसरा इथेच खाणार की बांधून देऊ?’ असा पाहिजे दुकानदार. माल गेला तो गेला, पण दुसरा नग खपलाच पाहिजे.

बाई : मावशी.

मालकीण : आता काय?

बाई : ती ओळ अजून कुणी वाचली नाही.

मालकीण : कुणी नाही म्हणजे? जावईबापू वाचतायत ना.

जावई : मी ‘कासव’वरच आहे, आई.

बाई : मीही बोललेले नाही. या पानावर चित्रही नाही. त्या ओळीला तुम्ही हसलात, ती ओळ या खोलीत मोठ्यानं कुणी वाचलेली नाही.

मालकीण : छे. तुमच्यातलंच कुणीतरी पुटपुटलं असेल.

जावई : कुणी नाही.

मालकीण : मग मला कसं कळलं?

बाई : कसं कळेल? वाचलंत.

मालकीण : मी कुठं वाचलं? मी तर यांच्या चुका काढत होते.

बाई : चुका काढताना डोळे कुठं होते?

मालकीण : पानावर. नाहीतर यांच्यावर कोण भरवसा ठेवणार?

बाई : झालं तर. शेळी, कासव, बूट, म्हणाले, हे शब्द तुमच्या गाण्यात होते. चालीतून ओळखीचे झाले. पण गाणं म्हणताना तुम्ही पानाकडे बघत नव्हता. यांच्या चुका पकडायच्या म्हटल्यावर बघावंच लागलं.

मालकीण : खुर्ची द्या जरा इकडं. ती नव्हे, त्या खुर्चीवर ओले टॉवेल आहेत. हां. ते पान द्या. ‘दुसरा इथेच खाणार’... अजून तसंच आहे का बघते. तसंच आहे की हो.

जावई : पळून कुठं जातंय?

मालकीण : माझ्यासमोरून आजवर पळतच होतं. बाई, पुढचं पान आहे का? शेळी दुसरा बूट खाते की नाही ते बघायला हवं. पैजेवर सांगते, ती बांधूनच घेणार.

बाई : आहे. हे घ्या. आणि भिंतीवर तुमच्यासाठी कुठलं कार्ड लावू आता? जांभळं काढू का?

मालकीण : काढताय कशाला, असू दे. त्याच्या शेजारी आणखी एक लावा. चुका काढणाऱ्या डोक्याचं.

बाई : आठांत तसं कार्ड नाही.

मालकीण : मग नववं काढा. बाहेर रांग लागेल, बघाल. सगळ्यात पुढं तो गोट्या सोडणारा घरमालक उभा असेल.

जावई : आणि त्याच्या मागं तुम्ही.

मालकीण : मागं का? धंदा जुना कुणाचा? आता चार मिनिटं कुणी बोलू नका. ‘शेळी म्ह... म्हणाली, बां... बांधून द्या.’ बघा. म्हटलं नव्हतं?

बाई : दादा, जरा इकडे दाराशी या. हळू बोला. गेल्या आठवड्यात फळ्यावर ‘निळे’ कुणी लिहिलं होतं?

जावई : कुणी?

बाई : तुम्ही. निळे, हिरवे, पिवळे. एकही चूक नव्हती.

जावई : आठवड्यात माणूस बरंच विसरतो, बाई.

बाई : आणि मधली अख्खी ओळ? दोरी धरून वाचणाऱ्या माणसाची ओळ सुटते?

जावई : दोरी ढिली झाली असेल. बाई, एक विनंती आहे. हे भिंतीवर लावू नका.

बाई : नाही लावत. पण तुमच्या नावासमोर माणसं ओळखायचं कार्ड मी लावलं नाही, हे मात्र माझं चुकलं.

जावई : नको हो. तिसरं कार्ड लावलंत तर घरी जेवायला मिळायचं नाही.

मालकीण : दाराशी काय खलबतं चाललीत? या आत. इस्त्री थंड झाली, चादरी तशाच पडल्यात, आणि तुम्हाला गप्पा सुचतायत. बाई, शनिवारी घरातलं एकच माणूस आत सोडतात की दोघं चालतात?

बाई : दोघं चालतील. कितीही चालतील.

मालकीण : मग जावईबापू, तुम्हीही चला. माझ्या शेजारी बसायचं. छोट्या खुर्चीवर.

जावई : मी कशाला आता? तुम्हाला तर येतंय.

मालकीण : इथं येतंय. तिथं वीस पोरं टकामका बघत असणार, त्यात आपली भिंगरी पुढं बसलेली. एखादे वेळी हात थांबला तर? तेव्हा तुम्ही हळूच कानात सांगायचं.

जावई : बरं. शब्द सांगेन.

मालकीण : बरोबर सांगू नका. चुकीचा सांगा.

जावई : आई, मी काय मुद्दाम...

मालकीण : मी काही विचारलंय का? तुमचं तुमच्यापाशी राहू द्या. रंग बघून फरशा लावणारा माणूस निळ्याला लाल म्हणतो, म्हणू दे बापडा. घरातलीच गोष्ट आहे. फक्त शनिवारी एवढं करा, तिरकी फरशी जरा अवघड जागी ठेवा. दारामागची मला लगेच सापडते.